सोमवारचा साबुदाणा

सोमवार, १६ नोव्हेंबर १९९८. धारूर.

डोकं अजून भणभणतंय. बीडचा डॉक्टर आज यांच्या आणि आत्याबाईंच्या तोंडावर म्हणाला, "मुलगा की मुलगी, ते पुरुषाच्या बीजपेशींवर ठरतं. यांच्या पेशी मशीनमध्ये फिरवू, मुलाच्या तेवढ्या निवडून घेऊ." तांदळातले खडे निवडावेत तशा माझ्या पोरी काढून टाकायच्या!

तीन पोरी झाल्या म्हणून आत्याबाईंचा सासुरवास मी सोसला. शेजारच्या डोहाळजेवणाला मलाच बोलावलं नाही. आणि दोष निघाला यांचा. दोष? मीसुद्धा दोषच म्हणायला लागले की! पोरी म्हणजे काय दोष?

वाटलं, घरी आल्यावर तरी मायलेक 'चुकलं आमचं' म्हणतील. कसलं काय! आत्याबाईंनी साबुदाण्याची ताटली माझ्यापुढं सरकवली. "मशीन ऱ्हाऊ दे मशीनच्या जागी. सोमवार मोडू नगंस. पोरगा पायजे न्हाई का?"

फिरवायच्या यांच्या पेशी, आणि उपास मी करायचा?

मी ती ताटली उचलून यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, "आता सोमवार तुमी धरा."

मग तिन्ही पोरींच्या पंगतीला बसून पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली.