मिसचा आवाज

मिस, तुमच्या फोनमध्ये तो आवाज मीच टाकला होता. तुम्हाला ठाऊक होतं, पण मी तोंडाने कधी सांगितलं नाही. शनिवारी ट्यूशन संपली, तुम्ही आत कॉफी करत होता, तेवढ्यात मी तुमच्या आवाजात "सायलेन्स! कोण ते गाढव बडबडतंय?" असं रेकॉर्ड केलं आणि रिंगटोन लावून टाकली. अभ्यासात माझं डोकं चालायचं नाही, पण नकला! अण्णा नगरच्या तुमच्या व्हरांड्यात पोरं त्यासाठीच बसायची.

रविवारी तुम्हाला चर्चमध्ये न्यायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलेलं. शाळेत त्यांनाही तुम्हीच शिकवलेलं. "आपण देवळात जाणारी माणसं असू, पण मिसना हात द्यायचा म्हणजे द्यायचा," म्हणायचे. नव्वदीला टेकलात तरी दर रविवारी बायबल तुम्हीच वाचायच्या, माइकशिवाय, आणि बाहेर चपला काढणाऱ्यालाही ऐकू जायचं. त्या दिवशी वाचून तुम्ही पहिल्या बाकावर बसता, पास्टर बोलायला उभे राहतात, मी मागून फोन लावतो, आणि तुमच्या पिशवीतून तुम्हीच ओरडता. अर्धं चर्च तुमच्या हाताखालून गेलेलं. पास्टरसुद्धा. ते खरंच गप्प झाले! सगळे हसले. मीपण. तुम्ही पिशवीत चाचपडत होता, फोन काही सापडेना.

परत येताना ऑटोत तुम्ही विचारलंत, "डेय् पोरा, तो कुणाचा आवाज होता?"

"तुमचाच, मिस."

मला वाटलं आता कान पिळणार. तुम्ही बाहेर बघत राहिलात. "मी अशी बोलते? इतकी वर्षं मुलांशी मी अशी बोलत होते?"

मी ऑटोवाल्याला वळण सांगितलं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही वाचायला उठलाच नाहीत. "घसा बसलाय," म्हणालात. तो शेवटपर्यंत बसलेलाच राहिला. ट्यूशनमध्येही इतकं हळू बोलायला लागलात की मागच्या पोरांना ऐकू यायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा पास्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मिसनी आपण होऊन तरुणांना वाचायला जागा दिली." बाबा रडत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू शेवटपर्यंत त्यांचं केलंस रे." मी मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगायचे, आणि मी सांगू द्यायचो.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, कंपनीची कॅब चालवतो. नकला सोडल्या असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. फक्त तुमची करत नाही.

बाबा गेल्या महिन्यात गेले. तुमचं वर आणि आमचं वर एकच आहे की वेगळं, मला माहीत नाही. हे पत्रही गाडीतच राहणार. पण एकच असेल, तर ते आधी तुम्हालाच शोधतील, हात जोडून उभे राहतील आणि माझं कौतुक सुरू करतील. करू द्या, मिस. पाया पडतो, त्यांना सांगू नका. कुणालाच सांगू नका.