आत्याचं काळं बोट

गुरुवार, संध्याकाळ

आत्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. तीनदा वाचला आणि थेट मानपाड्याला तिच्या घरी गेले. फोनवर सांगवेना.

आमच्या अभ्यासात आम्ही शरीरातल्या चरबीतून सुटणारी, पेशींना निरोप देणारी प्रथिनं मोजतोय. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात ती वेगळी दिसतात का, एवढंच बघायचंय. तुलनेला निरोगी माणसं हवी होती, म्हणून मी आत्याला घेऊन गेलेले. फॉर्म मीच भरला. तंबाखू? "छे गं, कधी खाल्ली नाही." मी 'नाही' लिहिलं. तिचं ते काळं बोट तेव्हा टेबलावरच होतं. मग डॉक्टरांना तिच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासायला गेला आणि माझी झोप उडाली.

आज विचारलं, त्या काळ्या बोटाने मशेरी लावतेस ना रोज?

"ते दात घासणं झालं गं. तंबाखू खाणं वेगळं."

भाजली तरी तंबाखूच ना ती, आत्या.

ती उठून आत गेली. मग डबी आणून माझ्या हातात दिली. "तूच टाक. माझ्याने नाही टाकवणार."

सुटल्यासारखं वाटतंय. पण रक्तातले निरोप वाचायला निघालेली मी, ते काळं बोट तर लहानपणापासून बघतेय, तरी ते वाचलं नाही. फॉर्मवर 'नाही' म्हणालेल्या सगळ्या बायकांना उद्यापासून परत फोन करायचे. प्रश्न एकच: दात कशाने घासता?