अब्बांच्या खुर्चीचं माप

आदरणीय आपा,

धाकट्या भावाचा सलाम घे. अल्लाहच्या मेहेरबानीने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तब्येत विचारली की तू "मला काय धाड भरलीय" म्हणून विषयच मिटवतेस. दुल्हाभाईंना सलाम सांग. त्यांच्या कोटाची बाही अजून आखूड वाटत असेल तर कोट पाठवून दे (बाही बरोबर आहे, हात खाली ओढून उभे राहू नका म्हणावं). अम्मी ठणठणीत आहे. परवाच तिने मला मूर्ख म्हटलं, आणि तेही जिना चढता चढता, जराही धाप न लागता.

का म्हटलं हे सांगायलाच हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. (आधी शेवट वाचू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.) तर गोष्ट अशी, की आपण दोघांनी अब्बांच्या नावाने गल्लीच्या टोकाला मशीद बांधली, तिथे लोक नमाजाला भरभरून येतात, पण वजू तिथे कोणी करत नाही. हातपाय धुवायचे ते घरून धुऊन येतात, आणि ज्यांना ते जमत नाही ते समोरच्या न्हाव्याच्या दुकानात धुतात.

इतके महिने हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मी स्वतः दुकानातून वजू करूनच निघतो. उलट आपला वजूखाना कसा लख्ख राहतो, याचं मला केवढं कौतुक होतं. शेवाळ नाही, चिखल नाही, नळाला डाग नाही. येईल त्याला मी दाखवत होतो की बघा, आमच्या मोहल्ल्याला शिस्त कशी आहे. मौलानांनी मध्यंतरी दोनतीनदा शुक्रवारच्या खुतब्यात बोलताना विषय काढला की भलं करणाऱ्याने ज्याचं भलं करायचं त्याची अडचणही विचारावी, आणि दर वेळी ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझी साक्ष काढताहेत. मी मान डोलवत होतो.

शेवटी न्हावी दुकानात आला. विजार शिवायची म्हणून आला आणि कापड आणायला विसरला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी करून म्हणाला, "मास्तर, तुमच्या अब्बांबद्दल मला फार आदर आहे. पण शुक्रवारी माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाय ठेवू शकत नाही, इतके तिथे दुसऱ्यांचे पाय असतात."

मी तडक उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वजूखान्यात वजूला बसलो. बसलो म्हणजे चढलो. त्या बैठकीवर माझे पाय जमिनीला लागेनात. नळ छातीशी आला. पाय धुवायला वाकलो तर खाली घसरलो, आणि पाणी इतक्या उंचावरून पडत होतं की विजार गुडघ्यापर्यंत भिजली. गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांच्या पायांची लांबी ज्याच्या टेपवर आहे, त्या माणसाने हा वजूखाना बांधून घेतला, आपा. कोणाला तोंड दाखवू?

आता तुला आठवत असेल की माप कुठून आलं. जुन्या मशिदीतल्या ठेंगण्या बैठकीवरून अब्बांना उठवायला दोघे लागायचे. जन्मभर पायाने मशीन चालवून त्यांच्या गुडघ्यांचं भुस्कट झालं होतं. म्हणून तू फोनवरून हुकूम सोडलास की आपल्या मशिदीत बैठका अब्बांच्या खुर्चीएवढ्या उंच हव्यात, सुतभर इकडेतिकडे नको, आणि मी जिवंत असेपर्यंत त्याला कोणी छिन्नी लावायची नाही. (हेच शब्द होते. मी विसरलेलो नाही.) अम्मी तेव्हा तिच्या बहिणीकडे, खालाकडे गेली होती. गवंडी घरी आला, त्याने खुर्ची मापली, पुन्हा मापली आणि मला म्हणाला, माणसं एवढी उंच नसतात हो. मी म्हटलं, ही अब्बांची आठवण आहे. यावर तो बिचारा काय बोलणार? मोहल्ल्यानेही तेच केलं. अब्बांची आठवण म्हणून लोक मुकाट्याने न्हाव्याकडे जात राहिले.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं. ती ऐकत ऐकत जिना चढत होती. वर पोचता पोचता म्हणाली, "अरे मूर्खा, ती खुर्ची ठोकळ्यांवर होती ना."

आपा, शेवटच्या वर्षी अब्बांना खुर्चीतून उठता येईना, तेव्हा तिनेच चारी पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले होते. अब्बांना त्याची इतकी लाज वाटायची की कोणाला दिसू नयेत म्हणून तिने मला खुर्चीच्या खोळीची झालर जमिनीपर्यंत वाढवायला सांगितली. ती मी वाढवली. मापाच्या वर वीतभर कापड लागलं, आणि का लागलं हे शिंप्याच्या पोराने विचारलंही नाही. अब्बांचे पायही अधांतरीच असायचे म्हणे. खोलीत दुसरं कोणी नसलं की ते पाय हलवत बसायचे आणि अम्मीला म्हणायचे, "मला परत शाळेत घातलंस." हे सांगताना ती हसत होती. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

म्हणजे आपण मशीद बांधली ती अब्बांच्या मापाने नव्हे, त्यांच्या दुखण्याच्या मापाने. तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेऊन विनंती करतो की बैठका आणि नळ खाली घ्यायची परवानगी दे. तू नाही म्हणालीस तर हात लावणार नाही. मशिदीत माझ्याइतकाच तुझा हक्क आहे, आणि अब्बांवर माझ्यापेक्षा थोडा जास्तच होता.

तुझ्या उत्तराची वाट बघत,
तुझा भाऊ

ता. क. उत्तराची घाई नाही. गवंडी आज सकाळीच कामाला लागला आहे. पत्रावर जी पांढरी पूड दिसते ती त्याचीच. हुकूम अम्मीचा आहे, भांडायचं तर तिच्याशी भांड.

ता. क. पुन्हा. काम थोडं अडलं. पोस्टमनचाचा एका बैठकीवर बसले आणि उठेचनात. हे तेच, ज्यांच्याशी अब्बा एका विजारीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते (चाचा म्हणत विजार आखूड झाली, अब्बा म्हणत चाचा वाढले). गुडघ्यांपायी त्यांनी जुनी मशीद सोडली होती. आपली झाल्यापासून पाचही वेळा येतात, आणि त्या वजूखान्यात बसणारा मोहल्ल्यातला एकमेव माणूस तेच. मला म्हणाले, "तुझ्या बापाने जन्मात एकदाच मला बरोबर मापाची वस्तू दिली, ती तरी फोडू नकोस." त्यांची बैठक आणि नळ तसेच ठेवले आहेत.

ता. क. शेवटचं. बायकांच्या बाजूचीही एक बैठक अम्मीने उंचच ठेवायला लावली. मी म्हटलं, तिकडे गुडघे दुखणारं कोणी नाही. त्यावर तिने माळ्यावरून ते चार ठोकळे काढले, पुसले आणि तुझ्या खोलीतल्या पलंगाच्या चारी पायांखाली सरकवले. म्हणाली, "ती फोनवर 'थांब, दार उघडून येते' म्हणते आणि मग किती वेळ कण्हते, ते मला ऐकू येतं. बापासारखीच लपवते. म्हणूनच घरी येत नाही." हे तुला लिहायचं नाही, असं तिने बजावलं होतं. झालर मी शिवून ठेवली आहे, आपा. ये.