भिंतींचा दोष

बडबडे,

संध्याकाळपर्यंत तुला गोष्टीचं रेकॉर्डिंग पाठवायचंय, म्हणून तू आंघोळीला गेल्यावर एवढं करून ठेवलंय. तू कपाटात बसून वाचतेस, तिथले हँगर काढलेत. ते किणकिणत होते. मागच्या फळीला माझी जाड रजई टांगली आहे, आता आवाज घुमणार नाही. माईक तोंडासमोर न धरता जरा बाजूला ठेव, म्हणजे त्यावर श्वास आदळणार नाही. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केलाय. काम झालं की आठवणीने चालू कर, नाहीतर दूध नासेल.

काल तुला न विचारता तुझे हेडफोन लावून तुझं रेकॉर्डिंग ऐकलं, ते चुकलंच. चाळीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं, पण गोष्टीतला ससा घाबरतो तिथे तू थांबतेस तसं थांबणं मला कधी जमलं नाही. नेमका तिथेच दर वेळी पलीकडून माझा खोकला ऐकू येत होता. तू तेच वाक्य सात वेळा वाचलंस, आणि सातव्यांदाही ससा तितकाच घाबरलेला! मला मात्र म्हणालीस, "आजोबा, भिंतीच खराब आहेत हो."

तर भिंतींचा दोष मी बागेत घेऊन चाललोय. झालं की बोलवायला ये. तोवर मनसोक्त खोकून घेतो.

आजोबा