सहावं फडकं

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.

पोचलो. बसमधून उतरलो आणि टोपी उडाली. घरमालकीण म्हणाली, पुढच्या कुंपणाला बघा, सगळ्यांच्या तिथेच अडकतात. कुंपणाला तीन टोप्या होत्या, माझी नव्हती. त्यातल्या त्यात बरी होती ती घेतली.

खोली झकास आहे. खिडकी नीट लागत नाही, पण हवा खेळती राहील.

वय एकोणचाळीस. फरश्यांच्या शोरूममध्ये चौदा वर्षं लोकांना पांढऱ्यातले अकरा प्रकार दाखवले. आता बास. नऊ महिन्यांत डिझेल मेकॅनिक. निघताना बायको म्हणाली, आम्हाला वाऱ्यावर सोडून तुम्ही वाऱ्याच्या गावाला चाललात. विनोद चांगला होता, पण ती स्वतः हसली नाही. लेकीने झोपेचं सोंग घेतलं होतं. ते फार लागलं. म्हणून आजच ठरवून टाकलं: दर शनिवारी पाचच्या बसने घरी जायचं, रोज पहाटे पाचला उठायचं, आणि खोटं म्हणून बोलायचं नाही, किरकोळसुद्धा.

२ फेब्रुवारी. सकाळी ८.४०.

वाऱ्यामुळे अलार्म ऐकू आला नाही.

३ फेब्रुवारी.

शाळा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. दरवाजा साखळीने बांधून ठेवतात, नाहीतर तोच उडायचा. शिकवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणतात. बोलणं कमी. माझे मऊ हात बघून म्हणाले, हं.

प्रत्येक बेंचवर दोघं. माझी जोडीदार एक बाई, वय चोपन्न. बावीस वर्षं शाळेची बस चालवली. पोरं मावशी म्हणायची, म्हणून इथेही सगळ्यांची मावशी. सर्टिफिकेट मिळालं की बसमालक तिला स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घेणार आहे. सुटीच्या दिवशी पोरांची सहल असली की ती अजूनही जाऊन बस चालवते. बिचारीला या वयात किती जड जात असेल! मी सांभाळून घ्यायचं ठरवलंय.

आणखी एक गंमत. सकाळी प्रत्येक जोडीला सहा फडकी मिळतात, संध्याकाळी सहाच परत द्यायची. कितीही मळकी असोत, सहा. मोजून रजिस्टरमध्ये सही. एक जरी कमी भरलं तर दिवसभरात जोडलेलं सगळं पुन्हा उघडायचं. मी उस्तादांना विचारलं, एवढं काय त्या चिंध्यांचं? ते म्हणाले, हं.

१९ फेब्रुवारी.

प्रगती उत्तम. मावशी नट हाताने लावून बघते, मगच पाना घेते. मी थेट पाना घेतो. तीन नटांचे आटे गेले, पण वेग माझाच जास्त.

शनिवारी घरी जाणं जमलं नाही. वाऱ्यामुळे बस लवकर सुटली, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, वारा मागून होता का? हो म्हणालो. हे खोटं नव्हे, अंदाज.

२ मार्च.

खरं काम आलं! गावाच्या पाण्याच्या पंपाचं इंजिन, पूर्ण उघडून नव्याने जोडायचं. उस्तादांनी आमच्या बेंचला दिलं. मावशीकडे बघून दिलं असं एकजण म्हणाला. लोकांना असूया असते.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.

आज एक किरकोळ गोष्ट झाली. लिहून ठेवण्यासारखी नाही, पण लिहितो.

इंजिनाच्या तळाला तेल साठायला एक पसरट भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते आतून पुसायचं काम माझं. पुसलं. मावशीने ते चढवलं, बोल्ट आवळले आणि हात धुवायला गेली. मी फडकी गोळा केली, तर पाचच. पुन्हा मोजली. पाच. घड्याळात पावणेपाच. उघडायला घेतलं असतं तर दोन तास सहज, आणि आज येतो असं लेकीला कबूल केलेलं. मागचे तीन शनिवार बुडाले होते. बाप म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?

शिवाय फडकं वाऱ्याने गेलं असणार. इथे टोप्या जातात, फडक्याची काय कथा. चेंबरमधून मी ते बाहेर काढल्याचं मला पक्कं आठवतंय. बहुतेक.

मग एक फडकं मधोमध फाडलं. दोन्ही तुकडे नीट घड्या करून मध्ये ठेवले. मावशीने फडकी जमा करायच्या खिडकीशी मोजून दिली. सहा. सही तिचीच असते, अक्षर चांगलं म्हणून.

एवढं करून बस चुकली. इंजिन कसं जोडलं ते चहावाल्याला समजावून सांगत होतो.

शनिवारी मळकी फडकी भट्टीत जाळतात. म्हणजे तो विषय संपला.

९ मार्च.

इंजिन पंपावर बसवलं. पहिल्याच हाकेला सुरू! घरमालकीण म्हणाली, नळाला पाणी आलं हो. मी सहज बोललो, आपणच केलंय ते. मावशीचंही नाव घेणार होतो, तेवढ्यात दूध उतू गेलं.

१० मार्च. दुपारी ३.

इंजिन जाम.

१० मार्च. संध्याकाळी.

उस्तादांनी उघडलं. आम्ही सगळे गोल करून उभे. चेंबरमध्ये फडकं. तेल ओढणाऱ्या जाळीवर ते चिकटून बसलं होतं, तेल वर चढलंच नाही, आणि इंजिन कोरडं फिरून जळालं. उस्तादांनी ते दोन बोटांनी उचलून बेंचवर ठेवलं. ओरडले नाहीत. विचारलं, चेंबर कुणी बंद केलं? मावशी म्हणाली, मी. फडकी कुणी मोजली? मी. मग ती हळूच म्हणाली, पण सहा होती उस्ताद, मी माझ्या हाताने मोजली.

त्याच क्षणी मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण उस्तादांनी रजिस्टर मागवलं, आणि वडीलधाऱ्या माणसाला मध्ये तोडणं बरं दिसत नाही.

मावशीला धुलाईच्या टेबलावर पाठवलं. तिथे रॉकेलमध्ये ब्रशने सुटे भाग धूत बसायचं, बाकी काही शिकायचं नाही. या बॅचला सर्टिफिकेट मिळेल की नाही ते नंतर बघू म्हणाले.

उद्या सांगतो.

११ मार्च.

गावाला पाणी नाही. आडावर लाइन लागली होती. माझ्यापुढे मावशी दोन बादल्या घेऊन. मी तिची एक बादली उचलून तिच्या दारापर्यंत नेली. ती म्हणाली, मनाने चांगला आहेस रे तू.

जेवण गेलं नाही. म्हणजे एकदाच जेवलो.

१२ मार्च.

सांगायची तयारी सुरू. नुसतं जाऊन बोलण्यात अर्थ नाही, मुद्देसूद हवं. तीन मुद्दे काढले: घरची ओढ, वाऱ्याची शक्यता, आणि शेवटी माझी चूक. तिसरा मुद्दा जरा थोडक्यात ठेवलाय, पहिल्या दोनातच ऐकणाऱ्याचं मन द्रवेल.

उस्तादांनी आज मला सगळ्या बेंचची फडकी तपासायला उभं केलं. म्हणाले, तू जवळून बघितलंयस काय होतं ते. नाही म्हणता आलं नाही. प्रत्येक फडकं उलगडून बघतो. पोरं वैतागली आहेत.

१४ मार्च, शनिवार.

आज नक्की सांगणार होतो. वारा भयंकर. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशी गोष्ट ओरडून कशी सांगणार?

१६ मार्च.

मावशीजवळ जाऊन बसलो. सुरुवात म्हणून विचारलं, तब्येत कशी आहे. ती ब्रश ठेवून म्हणाली, मी त्या दिवशी सहा मोजली होती रे. डोळे मिटले की अजून सहा दिसतात. मग म्हणाली, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. आधी किल्ल्या. मग गॅस. मग एक दिवस मलाच विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?

हे ऐकल्यावर पहिला मुद्दा काढवेना. दुसराही नाही. उठून आलो. शेडमागे जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली असं समजायला हरकत नव्हती, पण आज वारा पडलेला होता.

१७ मार्च.

मावशीने बसमालकाला पत्र लिहिलंय. वर्कशॉपची नोकरी नको, आणि यापुढे बसही चालवणार नाही. जिला सहा फडकी मोजता येत नाहीत तिच्या भरवशावर चाळीस पोरं कशी सोडायची, असं लिहिलंय. फोन का नाही करत, विचारलं. म्हणाली, तोंडी सांगायला गेले तर तो समजूत घालून पुन्हा गाडीवर बसवेल.

मला वाचून बघायला सांगितलं, भाषा नीट आहे का. मी वाचलं. दोन वेलांट्या सुधारल्या. एक वाक्य जरा लांब होतं ते तोडलं. देवा, मी हे का केलं?

तू पोस्टाकडे जातोच आहेस तर टाक, असं म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं.

१८ मार्च.

पत्र टाकलं नाही! खिशातच ठेवलंय. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं. तिची नोकरी मी वाचवली. एका अर्थी चूक भरून काढलीच की. आता सांगायची तितकीशी घाई नाही.

१९ मार्च.

मावशीने विचारलं, पडलं का पत्र? तेवढ्यात घंटा झाली. खोटं बोललो नाही. घंटेचे आभार.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, पण माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडल्याचं म्हणून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तुमच्या त्या मित्राला सांगा, मुद्दे बिद्दे नकोत, आजच्या आज जाऊन बोल. आणि तोंड दाखवण्यासारखं काम केल्याशिवाय घरी येऊ नको म्हणावं. मी म्हणालो, निरोप देतो.

२० मार्च.

ती पुन्हा विचारणार. टाकलं म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तर का नाही. एक चांगला मार्ग सुचला. जेवणाच्या सुटीत तिची पिशवी खुंटीला होती. पाकीट गुपचूप तिच्या पिशवीत परत ठेवलं. टाकायचं की नाही, तिचं तिने ठरवावं. आपण कोण मध्ये पडणारे?

हलकं वाटलं. संध्याकाळी दोनदा जेवलो.

२१ मार्च, शनिवार. सकाळी ११.

मावशी आली नाही. तिच्या खोलीवर गेलो. ती खाटेवर बसली होती, मांडीवर पिशवी, हातात पाकीट. मला बघून म्हणाली, हे मी तुला दिलं होतं असं मला वाटत होतं. तू वाचलंस, वेलांट्या नीट केल्यास, सगळं आठवतंय मला. आणि हे बघ, पिशवीत. म्हणजे तेही झालंच नव्हतं.

रडत नव्हती. पाकीट उलटसुलट करून बघत होती. मुलीला बोलावून घेते म्हणाली, आता एकटीने राहणं बरं नाही.

मी सांगितलं.

मुद्दे नव्हते. फडकं मी विसरलो, एकाचे दोन मी केले, तू सहाच मोजलीस, पत्र तू मला दिलंस, मी ते टाकलं नाही, मीच पिशवीत ठेवलं. एवढंच. नऊ दिवस तयारी केलेलं भाषण अर्ध्या मिनिटात संपलं. वाटलं होतं ती चप्पल काढेल. काढावी असंच वाटत होतं.

तिने विचारलं, सहाच होती? म्हणालो, तुझ्या हातात सहाच होती. पत्र दिलं होतं मी? दिलं होतंस. पुन्हा विचारलं, सहाच ना? सहाच. मग तिने तोंडावर पदर घेतला आणि मला जा म्हणाली.

तिथून सरळ उस्तादांकडे गेलो. सांगून टाकलं. त्यांनी रजिस्टर उघडून ७ मार्चचं पान काढलं. मग म्हणाले, फडकी जळाली, रजिस्टरमध्ये सही तिची, आणि तू आज सांगतोयस. मी काय धरून चालायचं? दोघंही धुवायला बसा. सर्टिफिकेटचं पुढच्या बॅचला बघू.

म्हणजे तिचं काहीच सुटलं नाही. उलट तिच्या शेजारी मी.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, तो मित्र मीच. ती म्हणाली, माहीत होतं. घरी या असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

२४ मार्च.

दिवसभर रॉकेल. मावशी टेबलाच्या त्या टोकाला, मी या. तीन दिवस एक शब्द नाही. मुलीला अजून बोलावलेलं नाही, एवढं कळलं. पत्रही टाकलेलं नाही.

दुपारी ती ब्रश खाली ठेवून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता. शिव्या ऐकायला मी तयार होतो, खरंच होतो. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, एक विचारू? ते सगळं तू खरं सांगितलंस ना? की मला बरं वाटावं म्हणून सगळं अंगावर घेतलंस? तू मनाने चांगला आहेस रे, म्हणूनच भीती वाटते.

मी शपथ घेतली. लेकीची घेतली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, नट लावण्याआधी आटे बघते तशी. मग मान हलवून जागेवर गेली, आणि तिच्या वाटची फडकी ओळीने मांडून एक-एकावर बोट ठेवत मोजू लागली. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

उद्या परत सांगेन. परवाही सांगेन.