दिव्याजवळ कुणीतरी हवं

बाबा, इकडे आता २०१८ चालू आहे आणि आई उन्हाळ्यापुरती माझ्याकडे डब्लिनला आली आहे. परवा शनिवारी तिला शहर दाखवायला निघाले. मी राहते त्या ल्यूकनहून बस, मग दिवसभर पायी हिंडायचा बेत: लिफी नदीवरचे पूल, जुनं कॉलेज, किल्ला. आई साडीखाली माझे स्पोर्ट्स शूज घालून तुरुतुरु चालत होती. दगडी रस्ता बघून म्हणाली, "एवढे श्रीमंत लोक, रस्ता तरी सपाट करायचा!"

वाटेत एका जुन्या कॅथेड्रलमध्ये शिरलो. इथे गेलेल्यांसाठी मेणबत्ती लावतात, असं मी सहज सांगितलं आणि झालं! आईने तुमच्या नावाने एक लावली, हात जोडले आणि शेजारच्या बाकावर बसकण मारली. "चल गं, किल्ला बंद होईल," मी म्हटलं. "होऊ दे. गेलेल्या माणसाचा दिवा एकटा सोडत नाहीत. विझेपर्यंत जवळ कुणीतरी हवं." अस्सा राग आला मला! अगं, इथे लोक लावतात आणि चालू पडतात. तिथल्या देखरेखीच्या म्हाताऱ्याला वाटलं, आईला बरं नाही. मी कसंबसं समजावलं. "ग्रँड, ग्रँड, हवं तेवढं बसा," म्हणाला आणि आईसाठी पाणी घेऊन आला.

थोड्या वेळाने आई टॉयलेटला उठली. "लक्ष ठेव गं दिव्याकडे," म्हणाली, आणि मला एकदम भरून आलं. तुम्ही गेलात तेव्हा माझी दहावी होती. परीक्षा बुडू नये म्हणून मला सांगलीला मामाकडे धाडलं. घरी दहा दिवस तुमचा दिवा तेवत होता, त्याच्याजवळ आळीपाळीने सगळे बसले, शेजारच्या काकूसुद्धा. मी तिकडे भूमितीची प्रमेयं घोकत होते. परत आले तोवर सगळं आवरलेलं. माझ्या वाटचं रडायचं राहिलंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे तुमच्या दिव्याजवळ बसायची ही माझी पहिलीच पाळी, बाबा. वारा नव्हता, तरी मी हाताचा आडोसा धरून बसले. तुम्ही काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं. तुमचा चेहरा आला, चष्मा आला, शर्टाचा शाई लागलेला खिसाही आला.

आई परत आली. हसत म्हणाली, "काय म्हणाले तुझे बाबा?"

"कशी आहेस, विचारत होते," मी म्हटलं. ती इतकी खूश झाली की खरं सांगवेना. तिला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि हे कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही. बाबा, तुमचा आवाजच मला आठवेना.