दाजी गाळात बसले त्याची हकीकत

टेंभुर्णी

वडीगोद्रीचे ती. कारभारीदादा यांना धाकट्या दैवशालाचा डोकं टेकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही मजेत आहोत. दोघंही लंगडतो, पण मजेत आहोत.

तुमच्या दाजींचं तुम्हाला ठाऊकच आहे. बँकेतून रिटायर झाल्यापासून वर्षभर खाट आणि मोबाईल, मोबाईल आणि खाट. हसणं सोडाच, माझ्याशी भांडणंसुद्धा बंद केल्तं (नवरा भांडायचा थांबला की बाईला भीती वाटते, दादा). म्हणून गावच्या शाळेतल्या बुद्धभूषण सरांनी जुन्या तांड्यांच्या वाटेवर पायी सहल काढली, तेव्हा मी दोघांचीही नावं देऊन टाकली. फार पूर्वी त्या वाटेनं म्हणे व्यापारी बैलांवर माल लादून भोकरदनला जायचे. शेजारच्या ताहेराबी पण निघाल्या. दाजींना मी सांगितलं, पलीकडच्या वस्तीवर लग्न आहे, गाडी जात न्हाई. त्यामुळं ते इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून आले!

खरं कळल्यावर घंटाभर माझ्यापासून वीस पावलं मागं चालले. मंग राहवेना. सर ओढ्याच्या कडेनं नेत होते, तर हे मोबाईलवर नकाशा काढून म्हणले, "सर, व्यापारी काय येडे होते का? सरळ वाट इकडून आहे." सरांनी वयाचा मान राखला. त्या सरळ वाटेनं आम्ही एका हरभऱ्याच्या शेतात शिरलो, तिथं कुत्रं मागं लागलं, आणि दाजी सगळ्यांच्या पुढं पळाले (वर्षभरात उठून पाणी घेतलं नव्हतं या माणसानं!) ते थेट नदीत. पाणी घोटाभर, पण गाळ मांडीपर्यंत.

हात द्यायला मी गेले, तर मीही रुतले. ताहेराबीनं काठावरून ओढणी फेकली. "पकडो भाईसाब! बिलकुल सोडू नका!" त्या ओढणी ओढून राह्यल्या, सर त्यांना धरून राह्यले, कुत्रं निवांत बसून बघून राह्यलं. दाजींचा एक पाय निघाला, तोल गेला, अन् मला घेऊनच ते गाळात बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. वाटलं, रडून राह्यले. तोंड बघते तर हसत होते, दादा! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणले, "दैवशाला, लग्न लई जोरात झालं!"

घरी आल्यावर झब्ब्याच्या डागांवरून रात्री जेवणापर्यंत भांडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण आता कानाला खडा. या वयात असली रानभटकंती पुन्हा न्हाई.

तुमची,
दैवशाला

ता. क. पुढच्या आठवड्यात सर थेट अजिंठ्यापर्यंत नेणार आहेत, चार दिवस. दाजींनी नवे बूट आणलेत. तेवढे दिवस येऊन आमची म्हैस सांभाळाल का? जरा लाथाळ आहे, पण मनानं चांगली.

आणखी एक. धार काढायला वहिनी आहेत, असं धरून चालू नका. त्यांनीही सहलीत नाव दिलंय, अन् तुम्हाला सांगायचं काम माझ्यावर सोपवलंय.